आपला प्रश्न, आपला प्रयोग

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणी भरलेले विज्ञान प्रदर्शन तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. पुठ्ठ्याची धरणे, लुकलुकणारे दिवे, रंगीत तक्ते आणि त्यांच्यामागे उभी राहून धडाधड माहिती सांगणारी मुले पाहिली, की मन प्रसन्न होते. पण तक्त्याच्या बाहेरचा एखादा साधा प्रश्न विचारला, तर त्यातील काही मुले एकदम गप्प होतात. याचे कारण त्यांची बुद्धी कमी असते हे नव्हे. मांडलेली वस्तू त्यांची असते, पण त्यामागचा प्रश्न त्यांचा नसतो.

विज्ञान प्रकल्प म्हणजे नेमके काय, तो कसा करावा आणि त्यात कोणाला भाग घेता येतो, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत. त्यासाठी चंदीगड शहराच्या परिसरात घडलेली एक सत्यकथाही आपण समजून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• विज्ञान प्रकल्प आणि नुसती प्रतिकृती यांतील फरक सांगू शकाल;
• परिसरातून मोजता येण्याजोगा प्रश्न निवडू शकाल;
• प्रयोगातील निरीक्षणे प्रामाणिकपणे नोंदवून त्यांवरून निष्कर्ष काढू शकाल;
• प्रकल्प करणाऱ्या मुलाला योग्य ती मदत करू शकाल;
• प्रयोगाचा अहवाल लिहिताना क्रियापदांची रूपे अचूक वापरू शकाल.

मूळ पाठ

१. मुलांची विज्ञान परिषद

शास्त्रज्ञांच्या परिषदा भरतात, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २००४ च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन चंदीगड येथे भरले होते. परंतु आपल्या देशात मुलांचीही विज्ञान परिषद भरत आली आहे. तिचे नाव राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेस. ग्वाल्हेर येथील विज्ञान केंद्राच्या उपक्रमातून ही कल्पना पुढे आली आणि १९९३ पासून केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाने तिला राष्ट्रीय स्वरूप मिळाले. २०१५ च्या डिसेंबर महिन्यात तिचे तेविसावे अधिवेशन चंदीगडजवळ घरुआन येथील विद्यापीठात भरले. हवामान समजून घेणे हा त्या वेळचा मुख्य विषय होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, या परिषदेचा मान महाराष्ट्रातील बारामतीला मिळाला.

या परिषदेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी भाग घ्यावा, अशी योजना आहे. दहा ते चौदा वर्षांचा एक गट आणि चौदा ते सतरा वर्षांचा दुसरा. मुले आपल्या परिसरातील एखादा प्रश्न निवडतात, काही आठवडे किंवा महिने त्याचा अभ्यास करतात, प्रयोगवही ठेवतात आणि अहवाल लिहितात. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्यांनी निवडक प्रकल्प पुढे जातात.

या परिषदेच्या दोन गोष्टी आपण विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अशी, की तिची दारे केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी उघडी नाहीत. ज्या मुलांची शाळा सुटली आहे किंवा जी कधी शाळेत गेलीच नाहीत, त्यांनाही तिच्यात भाग घेता येतो. दुसरी गोष्ट अशी, की अहवाल इंग्रजीतच असला पाहिजे, असे बंधन नाही. संविधानाने मान्य केलेल्या भारतीय भाषांपैकी कोणत्याही भाषेत तो लिहिता येतो. म्हणजे मराठी मुलाने मराठीत विचार करावा, मराठीत लिहावे आणि मराठीत उत्तर द्यावे, याला पूर्ण मुभा आहे.

शाळेचा दाखला नसलेल्या मुलालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, ही या नियमांमागची भूमिका आहे. शेळ्या राखणारा मुलगा पायवाटा, पाऊस आणि गवत रोज पाहत असतो. विज्ञानाला लागणारे पहिले साहित्य, म्हणजे निरीक्षण, त्याच्याजवळ असतेच. त्याला मोजण्याची शिस्त तेवढी शिकवावी लागते.

पाठगत प्रश्न १
योग्य पर्याय निवडा.
(अ) बाल विज्ञान काँग्रेसला राष्ट्रीय स्वरूप केव्हा मिळाले? (१) १९५८ (२) १९७६ (३) १९९३ (४) २०१५
(आ) परिषदेतील लहान गट कोणत्या वयाचा असतो? (१) सहा ते दहा (२) दहा ते चौदा (३) चौदा ते सतरा (४) अठराच्या पुढे
(इ) प्रकल्पाचा अहवाल कोणत्या भाषेत लिहिता येतो? (१) फक्त इंग्रजीत (२) फक्त हिंदीत (३) मान्यताप्राप्त भारतीय भाषांतही (४) फक्त राज्यभाषेत

२. एका तलावाची कथा

प्रश्न नीट विचारला, म्हणजे काय घडू शकते, याचे एक ठळक उदाहरण चंदीगडच्या परिसरातच आहे. हे काम मुलांचे नाही, मोठ्या माणसांचे आहे. पण मुलांच्या प्रकल्पाला त्याहून चांगला धडा सापडणे कठीण.

चंदीगड हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसवलेले नियोजित शहर आहे. टेकड्यांतून येणाऱ्या एका पावसाळी ओढ्यावर बांध घालून १९५८ मध्ये तेथे सुखना तलाव तयार करण्यात आला. सुमारे तीन चौरस किलोमीटरांचा हा तलाव शहराचे भूषण ठरला. पण प्रत्येक पावसाळ्यात टेकड्यांवरून माती वाहून येऊ लागली आणि तलाव गाळाने भरू लागला. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्याची पाणी साठवण्याची क्षमता फार मोठ्या प्रमाणात घटली.

गाळ काढणे हा एक उपाय होता. पण गाळ काढला, तरी पुढच्या पावसाळ्यात नवा गाळ येणारच. म्हणून चंदीगड येथील मृद व जलसंधारण संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी प्रश्न बदलला. ‘गाळ कसा काढावा?’ असे न विचारता त्यांनी विचारले, ‘गाळ येतो कोठून?’ या कामात पी. आर. मिश्रा हे शास्त्रज्ञ अग्रभागी होते. तलावात येणाऱ्या ओढ्यांचा माग काढत ते टेकड्यांवर गेले. तेव्हा असे आढळले, की गाळाचा मोठा भाग पाणलोट क्षेत्राच्या तुलनेने लहान तुकड्यातून येत आहे. तेथे हरियाणातील सुखोमाजरी हे छोटे गाव होते. गावकऱ्यांची गुरे आणि शेळ्या टेकड्यांवर मोकाट चरत. गवत आणि झुडपे नाहीशी झाली होती आणि उघडी माती प्रत्येक पावसात सुटून खाली वाहत होती.

शास्त्रज्ञांनी टेकड्यांवर झाडे लावली, छोटे बांध घातले. पण जनावरांना चारा हवा होता. चराई काही थांबेना. गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते. दूरच्या शहरातील तलाव वाचवण्यासाठी आपण शेळ्या का विकाव्यात? त्यांचा प्रश्नही तितकाच खरा होता. १९७६ मध्ये गावाजवळ मातीचा एक लहान बांध घालण्यात आला. त्यात साठलेले पावसाचे पाणी शेतांना मिळू लागले आणि चित्र पालटले. ज्या टेकडीवरून पाणी येते, ती टेकडी उघडी पडली तर आपलाच बांध गाळाने भरेल, हे गावाला उमगले. कुंपण न घालता, पहारेकरी न नेमता, गावकऱ्यांनी आपण होऊन टेकडीवरील चराई बंद केली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्या कुटुंबांनाही पाण्याचा वाटा देण्यात आला. गवत वाढले, झाडे तगली आणि तलावाकडे जाणारा गाळ कमी झाला.

या कथेत विज्ञान कोठे आहे? ते गाळाचा माग काढण्यात आहे, ओढ्यांची तुलना करण्यात आहे आणि पहिला उपाय फसल्यावर नवा विचार करण्यात आहे. अभियांत्रिकी कोठे आहे? ती योग्य जागी, परवडेल असा बांध घालण्यात आहे. ‘हे असे का घडते?’ हा विज्ञानाचा प्रश्न असतो, तर ‘हे अधिक चांगले कसे करता येईल?’ हा अभियांत्रिकीचा. मुलांच्या प्रकल्पात यांपैकी कोणताही एक किंवा दोन्ही प्रश्न असू शकतात.

३. प्रश्नाची निवड

‘पर्यावरणाचे रक्षण’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. ‘गवत असलेल्या मातीतून आणि उघड्या मातीतून सारखेच पाणी वाहू दिले, तर कोणती माती अधिक वाहून जाते?’ हा प्रश्न आहे. कारण त्याचे उत्तर मोजून देता येते.

चांगल्या प्रश्नाला तीन कसोट्या लावाव्यात. तो आपल्या रोजच्या पाहण्यातून निघालेला असावा. तो हाताशी असलेल्या साधनांनी मोजता यावा. आणि त्याचे उत्तर आपल्याला आधीपासून माहीत असू नये. फार तर अंदाज असावा. अशा अंदाजाला विज्ञानात गृहीतक म्हणतात. गृहीतक खरे ठरले तर उत्तम. खोटे ठरले, तरी प्रकल्प वाया जात नाही. जे कळले, ते कळलेच.

मोजण्यासाठी महागडी साधनेच लागतात, असे नाही. सरळ बाजूंचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे उघड्या जागी ठेवले आणि त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजली, तर पाऊस किती मिलिमीटर पडला ते कळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे एक लिटर पाणी जमते. एवढ्या हिशेबावर आपल्या घराच्या छपरावरून पावसाळ्यात किती पाणी वाहून जाते, हे बारा वर्षांची मुलगीही काढू शकेल.

४. तीन बाटल्या आणि एक झारी

आता सुखना तलावाचा प्रश्न आपण अंगणात आणू. पाच लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या आडव्या ठेवून त्यांची वरची बाजू कापून घ्यावी. कापण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. तिन्ही बाटल्यांत एकाच जागेची माती, सारख्याच वजनाची, तोंडाच्या पातळीपर्यंत भरावी. पहिल्या बाटलीतील माती उघडी ठेवावी. दुसरीत मातीवर पालापाचोळा पसरावा. तिसरीत हरळी लावून ती तीन-चार आठवडे वाढू द्यावी. मग तिन्ही बाटल्यांच्या मागे सारख्याच जाडीची वीट ठेवून उतार द्यावा आणि तोंडाखाली एकाच मापाचे काचेचे पेले ठेवावेत.

आता झारीने प्रत्येक बाटलीत एक लिटर पाणी, सारख्याच उंचीवरून आणि सारख्याच वेळात घालावे. पेल्यात उतरलेले पाणी एक दिवस स्थिर ठेवावे आणि तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजावी.

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. माती, उतार, पाणी, पाण्याची उंची या गोष्टी सारख्या ठेवायच्या आणि फक्त मातीवरचे आच्छादन बदलायचे. ज्या गोष्टी बदलू शकतात, त्यांना चल म्हणतात. एका वेळी एकच चल बदलला, तरच फरक कशामुळे पडला ते सांगता येते. एका बाटलीला गवतही आणि कमी उतारही दिला, तर माती गवताने अडली की उताराने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

प्रयोग एकदाच करून थांबू नये. माती पुन्हा पहिल्यासारखी वाळू द्यावी आणि तोच प्रयोग निदान तीन वेळा करावा. समजा, गाळाची जाडी मिलिमीटरमध्ये अशी आली:

उघडी माती: १४, १६, १५, सरासरी १५
पालापाचोळा: ६, ५, ७, सरासरी ६
हरळी: ३, ४, २, सरासरी ३

हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या मातीचे आकडे वेगळे येतील आणि तसेच ते यायला हवेत. या उदाहरणात उघड्या मातीतून हरळीच्या मातीपेक्षा पाचपट जाडीचा गाळ आला. पण निष्कर्ष लिहिताना मर्यादा सोडू नये. ‘गवतामुळे जगातील सर्व तलाव वाचतील’ असे लिहिण्याऐवजी ‘या मातीवर, या उतारावर, एवढ्या पाण्याने हरळीखालची माती सर्वांत कमी वाहिली’ असे लिहावे. मर्यादित पण खरे विधान हे मोठ्या पण पोकळ विधानापेक्षा केव्हाही मोलाचे असते.

५. प्रयोगवही

प्रयोगवही हा प्रकल्पाचा आत्मा होय. तारीख, वेळ, काय केले, काय दिसले आणि काय बिघडले, हे सर्व त्याच दिवशी लिहावे. चुकीची नोंद खोडरबराने पुसू नये; तिच्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहावी, म्हणजे मूळ नोंद वाचता येईल. एखादा आकडा इतरांपेक्षा अगदी वेगळा आला, तर तो लपवू नये. झारी कोणाच्या हातात होती, वारा होता का, माती ओली होती का, हे तपासावे. पुष्कळदा असा अडचणीचा आकडाच नवा प्रश्न दाखवून देतो.

शेजारच्या मुलाच्या वहीतील आकडे उतरवणे किंवा मनाने आकडे भरणे, ही केवळ परीक्षेतील लबाडी नाही. उद्या त्या आकड्यांवर विसंबून कोणी बांध घातला, तर तो फुटू शकतो. म्हणून विज्ञानात प्रामाणिकपणा हा कामाचाच भाग मानला जातो.

६. परीक्षकांसमोर

प्रदर्शनात किंवा परिषदेत परीक्षक सजावटीपेक्षा समज पाहतात. ‘हाच प्रश्न का निवडलास?’, ‘किती वेळा मोजलेस?’, ‘उतार वाढवला असता, तर काय झाले असते?’ असे प्रश्न येतात. ज्याने बाटलीत स्वतः माती भरली आहे, त्याला ही उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. एखादे उत्तर येत नसेल, तर ‘हे आम्ही तपासले नाही, पण तपासायचे असेल तर असे करू’ असे सांगावे. अशा उत्तराने गुण जात नाहीत. उलट विचार करण्याची पद्धत दिसते.

तक्त्यावर प्रश्न, गृहीतक, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि निष्कर्ष एवढे क्रमाने असले, म्हणजे पुरे. अक्षर मोठे आणि मजकूर थोडा असावा. प्रयोगवही टेबलावर उघडी ठेवावी.

७. मोठ्यांचे काम

तुमच्यापैकी अनेकजण आई-वडील, काका-मावशी किंवा मोठी भावंडे असतील. घरातील मुलाने प्रकल्प करायचे ठरवले, की मोठ्या माणसांना दोन मोह होतात. बाजारातून तयार प्रतिकृती विकत आणावी, हा पहिला. आणि मुलाला बाजूला सारून सगळे आपणच करावे, हा दुसरा. दोन्ही मोह मुलाचे नुकसान करतात. तयार वस्तूला कदाचित बक्षीस मिळेल, पण ‘माझ्याने होत नाही’ ही भावना मुलाच्या मनात घर करून बसेल.

काहीजण याच्या उलट विचार करतात. ‘आमचे शिक्षण झाले नाही, आम्ही काय मदत करणार?’ असे म्हणून ते दूर राहतात. हा संकोच सोडावा. वीटभट्टीवर काम करणाऱ्याला माती किती पाणी पिते ते ठाऊक असते. स्वयंपाक करणाऱ्या आईला कोणत्या भांड्यात डाळ लवकर शिजते ते ठाऊक असते. शेतकऱ्याला कोणता बांध प्रथम खचतो ते ठाऊक असते. या अनुभवांतूनच उत्तम प्रश्न निघतात. मुलाला उत्तर सांगू नये. ‘तुला काय वाटते?’ आणि ‘ते मोजायचे कसे?’ एवढे विचारावे. धारदार वस्तू, विस्तव आणि वीज यांपाशी मात्र स्वतः उभे राहावे.

बक्षीस सर्वांनाच मिळत नाही. पण ज्या मुलाने एकदा आपल्या हाताने मोजून एखादी गोष्ट पडताळली, तो पुढे कोणाच्याही सांगण्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. औषधाची जाहिरात असो की बियाण्याची, तो विचारतो, ‘हे कोणी, कसे आणि किती वेळा तपासले?’ असा प्रश्न विचारणारा नागरिक घडणे, हेच विज्ञान प्रदर्शनाचे खरे फलित होय.

पाठगत प्रश्न २
(अ) रिकाम्या जागा भरा.
१. सुखना तलाव ______ मध्ये तयार करण्यात आला.
२. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडल्यास ______ पाणी जमते.
३. प्रयोगात एका वेळी एकच ______ बदलावा.
(आ) चूक की बरोबर ते लिहा.
१. गृहीतक खोटे ठरले, तर प्रकल्प वाया जातो.
२. चुकीची नोंद वाचता येईल अशी ठेवून दुरुस्ती करावी.
३. सुखोमाजरीत चराई थांबवण्यासाठी पहारेकरी नेमावे लागले.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली लहान वस्तू
गृहीतक – तपासून पाहण्यासाठी मांडलेला अंदाज
चल – प्रयोगात बदलू शकणारी बाब
आच्छादन – वरचे आवरण
पाणलोट क्षेत्र – ज्या भागातील पाणी एका ओढ्याला किंवा तलावाला मिळते, तो भाग
मृद – माती
फलित – परिणाम, फळ
घर करून बसणे (वाक्प्रचार) – कायमचे रुजणे

भाषाभ्यास

‘प्रयोग’ हा शब्द प्रयोगशाळेत, रंगभूमीवर आणि व्याकरणातही येतो. वाक्यातील क्रियापद कर्त्याप्रमाणे किंवा कर्माप्रमाणे चालते, त्या रचनेला व्याकरणात प्रयोग म्हणतात. पुढील वाक्ये पाहा.

मुलगी गाळ मोजते. मुलगा गाळ मोजतो.
येथे कर्ता बदलताच क्रियापद बदलले. हा कर्तरी प्रयोग.

मुलीने गाळ मोजला. मुलीने उंची मोजली. मुलीने पाणी मोजले.
येथे कर्ता तोच आहे. पण कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद बदलले. हा कर्मणी प्रयोग.

प्रयोगाचा अहवाल आपण काम झाल्यानंतर लिहितो. म्हणून त्यात भूतकाळातील कर्मणी रचना वारंवार येते: ‘आम्ही माती भरली, उतार दिला, पाणी ओतले.’ कृतीची सूचना देताना मात्र विध्यर्थी रूपे येतात: ‘माती भरावी, उतार द्यावा, पाणी ओतावे.’ या पाठाच्या चौथ्या भागात अशी रूपे तुम्हाला जागोजागी दिसतील.

सराव: पुढील सूचना अहवालाच्या भाषेत लिहा. कर्ता ‘आम्ही’ घ्या.
१. बाटली कापावी. २. पालापाचोळा पसरावा. ३. पेले तोंडाखाली ठेवावेत. ४. निरीक्षण वहीत लिहावे.

तुम्ही काय शिकलात

• प्रतिकृती दाखवते, प्रकल्प शोधतो. प्रकल्पाच्या मुळाशी स्वतःचा, मोजता येणारा प्रश्न असतो.
• राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेसमध्ये शाळाबाह्य मुलांनाही भाग घेता येतो आणि अहवाल मातृभाषेत लिहिता येतो.
• सुखना तलावाचा गाळ कोठून येतो, हे विचारल्यामुळे सुखोमाजरीचा उपाय सापडला. तो गावकऱ्यांच्या सहभागाने टिकला.
• एका वेळी एकच चल बदलणे, पुन्हा पुन्हा मोजणे आणि खऱ्या नोंदी ठेवणे, ही प्रयोगाची शिस्त आहे.
• मोठ्यांनी उत्तरे पुरवू नयेत. प्रश्न विचारून आणि सुरक्षितता सांभाळून मदत करावी.

स्वाध्याय

१. ‘गाळ कसा काढावा?’ याऐवजी ‘गाळ येतो कोठून?’ असे विचारल्याने काय फरक पडला? पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. सुखोमाजरीच्या गावकऱ्यांनी चराई आपण होऊन का थांबवली?
३. एका गटाला गाळाची जाडी १४, १६, १५ मिलिमीटर अशी मिळाली. दुसऱ्या गटाला ती १०, २०, १५ मिलिमीटर अशी मिळाली. दोन्ही गटांची सरासरी काढा. कोणत्या गटाची मोजणी अधिक भरवशाची वाटते? का?
४. पुढील विषयांचे मोजता येणाऱ्या प्रश्नांत रूपांतर करा: (अ) पाण्याची नासाडी (आ) उन्हाळ्यातील घराची उष्णता (इ) धान्याला लागणारी कीड.
५. तुमच्या व्यवसायातील किंवा घरकामातील एक निरीक्षण निवडा. त्यावर प्रश्न, गृहीतक आणि मोजण्याची पद्धत लिहा.
६. ‘शाळेचा दाखला नसलेल्या मुलालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे’ या विधानाविषयी तुमचे मत दहा ओळींत मांडा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १: (अ) १९९३ (आ) दहा ते चौदा (इ) मान्यताप्राप्त भारतीय भाषांतही
पाठगत प्रश्न २: (अ) १. १९५८ २. एक लिटर ३. चल (आ) १. चूक २. बरोबर ३. चूक
भाषाभ्यास: १. आम्ही बाटली कापली. २. आम्ही पालापाचोळा पसरला. ३. आम्ही पेले तोंडाखाली ठेवले. ४. आम्ही निरीक्षण वहीत लिहिले.
स्वाध्याय ३: दोन्ही गटांची सरासरी १५ मिलिमीटर. पहिल्या गटाचे आकडे एकमेकांच्या अधिक जवळ आहेत, म्हणून त्याची मोजणी अधिक भरवशाची वाटते.